पाणंदीची गाडी आणि हिंजवडीची गाडी एकच हवी असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात पाच माणसं, त्यात आई-वडील सत्तरी ओलांडलेले, आईचे गुडघे दुखतात. कोथरूड ते हिंजवडी रोजची ये-जा. महिन्यातून एकदा भुदरगड तालुक्यातलं गाव. तिथे डांबर संपल्यावर शेतातल्या घरापर्यंत 3 किलोमीटर पाणंद, आणि पावसाळाभर तिथे चिखल. गाडी एकच घ्यायची आहे. मारुतीची जिम्नी, महिंद्राची तीन दारांची थार आणि तिचीच पाच दारांची थार रॉक्स यांत घोळ होतोय. साधी एसयूव्ही घेऊन नुसते टायर बदलले तर चालेल का, हेही विचारलंय. शिवाय कधीतरी लडाखला जायचं आहे.

लडाख आधी बाजूला काढू. उन्हाळ्यात मनाली-लेहला काय किंवा स्पितीत काय, ऑल्टोच्या टॅक्सी रोज फिरतात, काझापर्यंत हिमाचल परिवहनची बस जाते. तिथे वेळ, धीर आणि धड स्टेपनी लागते. त्या एका सहलीवरून गाडी ठरवू नका. माझा साधा नियम आहे, जिथवर एसटी जाते तिथवर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, लागत नाही. तुमची एसटी जिथे थांबते त्याच्या पुढचे 3 किलोमीटर हा खरा विषय आहे.

आता हिशोब मांडा. हिंजवडीचे जाऊन-येऊन 35 किलोमीटर धरले आणि वर्षाला 240 दिवस, तर 8,400 किलोमीटर झाले. गावाच्या 12 फेऱ्या, एका फेरीला साधारण 600, म्हणजे आणखी 7,200. पावसाळ्यात पाणंदीतून पाच वेळा जाणं-येणं झालं तर चिखल भरतो वर्षाला 30 किलोमीटर. एकीकडे 15,600 आणि दुसरीकडे 30. म्हणून अनेक जण सांगतील की फोर बाय फोरची गरजच नाही. मला ते पटत नाही. त्या 30 किलोमीटरांत गाडी रुतली तर आई-वडील भर पावसात शिवारात अडकतात. माझा सल्ला असा, की कुठल्या गाड्यांचा विचार करायचा हे त्या 30 किलोमीटरांवरून ठरवा आणि त्यातली कुठली घ्यायची हे 15,600 वरून ठरवा. बहुतेक जण उलटं करतात. आधी गाडी आवडते, मग तिला रस्ता शोधतात.

पाणंदीपासून सुरू करतो. पूर्वी तिथे बैलगाडीची चाकोरी असायची, आता ट्रॅक्टरची आहे. पावसात ट्रॅक्टरच्या दोन-चार फेऱ्या झाल्या की दोन खोल सऱ्या पडतात आणि मधे वरंबा उभा राहतो. गाडीची चाकं सरीत उतरली की पोट वरंब्यावर टेकतं. एकदा पोट टेकलं की चारही चाकांना ताकद असून उपयोग नाही, ती जागच्या जागी फिरतात. त्यामुळे एका बाजूची चाकं वरंब्यावर आणि दुसऱ्या बाजूची कडेच्या उंचवट्यावर ठेवून जावं लागतं. तशी जागा मिळायला गाडी जमिनीपासून उंच हवी, आणि तितकीच ती अरुंद हवी. उंचीबद्दल सगळे विचारतात, रुंदीबद्दल कोणी विचारत नाही. जिम्नी 1645 मिमी रुंद आहे, रॉक्स 1870 मिमी. फरक बरोबर एक वीत. दोन्ही बाजूंना निवडुंग किंवा दगडी बांध असेल तर ही वीत फार मोलाची असते.

मातीही बघा. तुमच्याकडची तांबडी जांभ्याची माती वरून निसरडी असते, पण थोडं खाली कठीण थर लागतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून खालच्या थरापर्यंत पोचतो आणि पकड घेतो. सोलापूरकडची काळी माती याच्या उलट. पाणी पिऊन ती फुगते, तिला तळच लागत नाही. टायरच्या खाचा दहा-वीस मीटरमध्ये भरून जातात आणि चाक गुळगुळीत होतं. काळ्या मातीचा एखाद्याचा अनुभव ऐकून भुदरगडसाठी गाडी ठरवू नका.

साध्या एसयूव्हीचं उत्तर इथेच मिळतं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चांगल्या टायरांवर नोव्हेंबर ते मे तुमच्या घरापर्यंत आरामात जाईल. जुलैत चढावर ओली तांबडी माती आली की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि फिरू लागतात. ओढणारी चाकं तीच आणि वळवणारीही तीच, त्यामुळे गाडी कडेला घसरत जाते. पाणंदीत चढ नसेल, सगळी सपाट असेल, तर मात्र या पर्यायाचा पुन्हा विचार करा. तुम्ही चढाबद्दल लिहिलेलं नाही, पण त्या भागात 3 किलोमीटर सपाट वाट मी पाहिलेली नाही.

जिम्नी, थार, रॉक्स या तिन्हींतली फोर बाय फोर यंत्रणा गरजेपुरती जोडायची आहे, आणि हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला समजलेलं असावं. एरवी फक्त मागची चाकं गाडी ढकलतात. फोर-एच, म्हणजे नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद, लावलं की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांशी पक्का जोडला जातो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत तो फरक घसरून निघून जातो. कोरड्या डांबरावर चाकं घसरत नाहीत, म्हणून ताण गिअरांवर येतो, स्टिअरिंग जड होतं आणि यंत्रणा झिजते. म्हणून डांबर लागलं की टू-एच, म्हणजे पुन्हा फक्त मागची चाकं. भरपावसात घाटात "सुरक्षित वाटतं" म्हणून फोर-एच लावून जाणारे मी बघतो. डांबर ओलं असलं तरी तीव्र वळणांवर ते नको.

फोर-एल, म्हणजे लो गिअर, ही या गाड्यांची खरी किंमत. त्यात गाडी माणसाच्या चालीने चालते. चढावर क्लच जाळावा लागत नाही, उतारावर ब्रेक न दाबता इंजिनच्या जोरावर उतरता येतं. निसरड्या उतारावर ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि गाडी तशीच घसरत राहते. पाणंदीत तुम्ही नव्वद टक्के वेळ फोर-एलमध्येच असाल.

एक चाक हवेत लटकलं किंवा पातळ चिखलात गेलं की साधा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअर, सगळी ताकद त्याच चाकाला देतो. जिम्नीत यावर उपाय ब्रेकचा आहे. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतः ब्रेक लावते आणि ताकद दुसरीकडे जाते. हे व्हायला क्षणभर लागतो. नवीन चालक त्या क्षणी घाबरून पाय काढतो आणि मग गाडी अडकली असं म्हणतो. पाय स्थिर ठेवा, चाक एक-दोन फेरे फिरू द्या, गाडी निघते. रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये मागचा डिफरन्शियल बटणाने लॉक होतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. फोर्स गुरखात पुढचा आणि मागचा दोन्ही लॉक कंपनीकडूनच मिळतात, आणि पाच दारांच्या गुरखात तुमचं अख्खं घर मावेल. पण ती फक्त मॅन्युअलमध्ये येते, आणि संध्याकाळच्या हिंजवडीत रोज तो क्लच दाबायला मी कोणाला सांगणार नाही.

गाडीपेक्षा टायर जास्त ठरवतात, हे मी स्वतः शिकलो. 2014 च्या जुलैत मोहोळजवळ मित्राच्या शेतात माझी तेव्हाची जुनी जीप काळ्या मातीत रुतली. फोर बाय फोर चालू होतं, लो गिअर लावला होता, टायर मात्र रस्त्याचे. चारही चाकं मातीने लिंपली गेली. शेवटी ट्रॅक्टर बोलावला. दोर घाईत बंपरला बांधला. ओढताना बंपरचा पत्रा फाटून दोरासकट उडाला आणि ट्रॅक्टरवाल्याच्या खांद्याजवळून गेला. तो वाचला, पण ते दृश्य अजून डोळ्यांसमोर येतं. तेव्हापासून गाडी घेतल्याच्या दिवशीच ओढायचे हूक पुढे-मागे कुठे आहेत ते मी बघून ठेवतो, आणि ताणलेल्या दोराच्या जवळ कोणालाही उभं राहू देत नाही. तुम्हीही हे कराच.

तुमच्यासाठी ऑल-टेरेन टायर, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे. चिखलाचे खास मड-टेरेन नकोत. महामार्गावर ते गुणगुणतात, ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर घेतात, आणि तुमचे 15,600 किलोमीटर डांबराचे आहेत. मूळ मापातलेच घ्या. मोठ्या मापाने स्पीडोमीटर चुकतो, गाडी जड चालते आणि विम्याच्या वेळी वाद होतो. रॉक्स घेतलीत तर 18 इंची चाकांचा प्रकार बघा. वरच्या प्रकारातली 19 इंची दिसायला छान असतात, पण टायरची भिंत जितकी उंच तितका दगडाचा मार कमी. चिखलात शिरण्याआधी हवा 22 पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि पकड वाढते. लायटरला लागणारा छोटा पंप गाडीत ठेवा आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरा. कमी हवेवर महामार्गाला लागणं धोक्याचं आहे.

बुलबार, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी कठडा, लावू नका. केंद्र सरकारने 2017 मध्येच त्यांना मनाई केली आहे. समोरच्या पादचाऱ्याला त्याने जास्त इजा होते, आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो.

आता निवड. माझ्या घरी सध्या जिम्नी आहे आणि तुमच्या पाणंदीसाठी तीच सगळ्यात योग्य, हे मी मनापासून सांगतो. सुमारे 1200 किलो वजन, अरुंद अंग, जमिनीपासून 210 मिमी उंची. जी गाडी हलकी ती चिखलात कमी रुतते, आणि रुतली तर चार माणसं ढकलून काढतात. कोथरूडच्या गल्लीत लावायलाही ती सोपी. पण तिच्यात चार जणच बसतात, आणि मागची सीट उभी असताना डिकी 208 लिटरची. तुम्ही पाच जण. पाचवा माणूस मांडीवर घेऊन 300 किलोमीटर जाणं हा पर्याय नाही, तो माणूस लहान मूल असेल तर मुळीच नाही. म्हणून जिम्नी बाद. तीन दारांची थारही चारच जणांची, आणि मागे बसायला पुढची सीट सरकवून आत शिरावं लागतं. आईच्या गुडघ्यांना ते रोज कसं जमणार? तीही बाद.

उरते रॉक्स. स्कॉर्पिओ-एनचा फोर बाय फोरही डिझेलमध्ये आहे, जागा जास्त, पण ती 1917 मिमी रुंद. रॉक्सचं फोर बाय फोर डिझेलमध्येच मिळतं, पेट्रोल आणि फोर बाय फोर असा मेळ नाही, हे शोरूममध्ये बुकिंग करताना नीट बघा. भारत एनकॅप या अपघात-चाचणीत तिला 5 तारे आहेत, आणि महिन्याला 600 किलोमीटर महामार्ग असलेल्या घराला ही गोष्ट चिखलापेक्षा महत्त्वाची वाटायला हवी. ऑटोमॅटिक घ्या. हिंजवडीसाठी तर हवंच, पण पाणंदीतही गिअर बदलताना वेग तुटत नाही, हा मोठा फायदा.

डिझेलची एक अडचण आहे. बीएस-6, म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमांतल्या, डिझेलच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. काजळी जळून ती जाळी साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. फक्त कोथरूड-हिंजवडी करणाऱ्याला मी डिझेल घेऊ नका असंच सांगितलं असतं. तुमची महिन्याची कोल्हापूर फेरी ते काम करते. ज्या महिन्यात गावाला जाणं होणार नाही, त्या महिन्यात एका सकाळी खंबाटकीपर्यंत जाऊन या.

रॉक्सचं पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2850 मिमी, जिम्नीचं 2590. म्हणजे वरंब्यावर पोट टेकायची भीती रॉक्सला जास्त, वजनही जिम्नीपेक्षा अर्ध्या टनाहून अधिक. त्यामुळे एक काम करा. मेमध्ये पाणंद कोरडी असताना दोन ट्रॉल्या मुरूम आणून सगळ्यात वाईट दोन-तीन ठिकाणच्या सऱ्या भरून घ्या. शेजारचे शेतकरीही वर्गणी देतील, त्यांचेही ट्रॅक्टर तिथूनच जातात. कुठल्याही महागड्या सामानापेक्षा हा खर्च जास्त कामाला येईल.

वाटेत ओढ्यावर फरशी, म्हणजे पाणी वरून जाणारा बुटका पूल, असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. थारला 650 मिमी पाण्यातून जाता येतं हा आकडा उभ्या पाण्यासाठी समजा. फरशीवरून वाहणारं पाणी वेगळं असतं. गुडघ्याएवढं वाहतं पाणी जड गाडीलाही कडेला ढकलतं, आणि गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली ते दिसत नाही. पाणी उतरेपर्यंत अलीकडे थांबा. वडील "आम्ही इथून आयुष्य काढलं" म्हणाले तरी थांबा.

बुकिंगआधी आई-वडिलांना शोरूममध्ये घेऊन जा. आईला मागच्या दारातून स्वतः चढू-उतरू द्या, हात न देता, तीन वेळा. त्रास झाला तर पायरी बसवून पुन्हा बघा. पायरी खाली लोंबणारी नको, ती आधी वरंब्याला लागते. मग टेप घेऊन गावी जा, पाणंदीतली सगळ्यात अरुंद जागा आणि वाड्याचं फाटक मोजा. आरसे उघडे ठेवून दोन्हीकडे वीतभर जागा मोकळी राहायला हवी. ते दोन आकडे आणि चढाचा एखादा फोटो इथे टाका, म्हणजे रॉक्स तिथून जाईल की नाही हे नक्की सांगता येईल.