कामगार वकील ते ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्री: पेनी वाँग यांचा प्रवास कसा झाला?

थोडक्यात सांगायचं तर कामगार संघटनांच्या वाटेनं. जन्म 1968 चा, मलेशियातल्या कोटा किनाबालूचा. आईवडील वेगळे झाल्यावर आठव्या वर्षी त्या आईसोबत ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडला आल्या. कायदा शिकल्या, संघटनेत काम केलं, मग वकिली. पुढे हॉटेल-सफाई वगैरे कामगारांच्या युनियनच्या कायदा अधिकारी.

2001 ला सिनेटवर निवड, जुलै 2002 पासून खासदार. तिथलं सिनेट म्हणजे आपली राज्यसभाच, पण सदस्य थेट जनता निवडते, तेही बहुतेक पक्षाच्या यादीतल्या क्रमानं, त्यामुळे त्यांच्या मजूर पक्षाच्या यादीत वरचं नाव मिळणं हीच खरी लढाई. 2007 ला हवामान बदल खातं, 2010 ला सरकारी खर्चाचं, म्हणजे वित्त खातं. आशियात जन्मलेली व्यक्ती ऑस्ट्रेलियाच्या कॅबिनेटमध्ये येण्याची 2007 ची ती पहिलीच वेळ.

एरवी एकदम शांत बाई. पण नोव्हेंबर 2017 मध्ये समलिंगी विवाहाच्या टपाली मतदानात 61.6 टक्के 'हो' आलं, तेव्हा स्वतः समलिंगी असलेल्या वाँग कॅमेऱ्यांसमोर तोंड हातात घेऊन रडल्या.

23 मे 2022 ला परराष्ट्रमंत्री म्हणून शपथ घेतली आणि त्याच दिवशी पंतप्रधान अल्बनीझींबरोबर टोकियोचं विमान पकडलं, क्वाड (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांचा गट) बैठकीसाठी. मोदीही होते तिथे.