रिवाइंडिंगसाठी सॉल्व्हेंटलेस वार्निश घ्यावंच लागेल का?

तुम्ही विचारलंय की मोटरीच्या तारा नव्याने गुंडाळायच्या, म्हणजे रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये इन्सुलेशनसाठी इतकी वर्षं थिनरवालं वार्निश चालतंय, मग पुरवठादार 'पर्यावरणाचे नियम आलेत, सॉल्व्हेंटलेस घ्या' म्हणतो ते खरं, की माल खपवायची युक्ती? थोडं दोन्ही. मी इन्सुलेशन मटेरियलच्याच धंद्यात आहे, तेव्हा मलाही विकणाऱ्यांतलाच धरा.

नियमांचा डोळा वार्निश पातळ करणाऱ्या सॉल्व्हेंटवर आहे. नेहमीच्या अल्किड-फिनॉलिक वार्निशमध्ये साधारण निम्मं वजन झायलीन किंवा तत्सम सॉल्व्हेंटचं असतं. स्टेटर, म्हणजे मोटरीचा तारा गुंडाळलेला स्थिर भाग, बुडवला, निथळला, ओव्हनमध्ये ठेवला की ते सगळं हवेत जातं आणि वाइंडिंगमध्ये त्याच्या जागी पोकळ्या राहतात. सरळ सप्लायवरच्या मोटरीत त्या खपून जायच्या. पण व्हीएफडीवर, म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरीला व्होल्टेजचे झटके बसतात, पोकळीतल्या हवेत बारीक डिस्चार्ज होऊन तारेवरचं एनॅमल कुरतडलं जातं. सॉल्व्हेंटलेस रेझिन, त्यातही व्हीपीआय केलेलं (आधी हवा काढून मग दाबाने आत भरलेलं), ही जागा बऱ्यापैकी भरून काढतं. उष्णताही लवकर बाहेर पडते. म्हणून नियम बाजूला ठेवले, तरी व्हीएफडीच्या मोटरींना मी तेच सुचवेन.

नियमांची खरी धार युरोपात आहे. तिथल्या 1999 च्या निर्देशाने वाइंडिंगच्या तारेला एनॅमल चढवताना तारेच्या किलोमागे 5 ग्रॅमच सॉल्व्हेंट हवेत सोडायची मुभा ठेवली, 0.1 मिमी किंवा त्याहून बारीक तारेला 10 ग्रॅम. पुढे एनएमपी नावाच्या सॉल्व्हेंटची पाळी आली. तारेवरचं पॉलिअमाइड-इमाइडचं एनॅमल ह्यातच विरघळवतात आणि ते गर्भाला घातक आहे. 2018 च्या नियमाने कामगाराच्या श्वासातल्या एनएमपीवर घनमीटरला 14.4 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. बहुतेकांना ती मे 2020 पासून लागू झाली, तारेला एनॅमल चढवणाऱ्यांना मात्र मे 2024 पर्यंत सवलत मिळाली. ती उगाच नव्हती.

आमच्या धंद्यात रेझिन बदलणं स्वस्त, ते सिद्ध करणं महाग. इन्सुलेशन किती तापमान सोसेल हे सांगणारा तापमान निर्देशांक ठरवतात तो 20,000 तासांच्या आयुष्यावरून. त्यासाठी आयईसी 60216 ह्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सगळ्यात कमी तापमानाची चाचणीच किमान 5,000 तास, म्हणजे सात महिने चालते. त्यातून यूएल 1446 ह्या अमेरिकन मानकात एकट्या वार्निशची मान्यता पुरत नाही. तार, कागद, वार्निश मिळून जी सिस्टिम बनते तिला मान्यता लागते. वार्निश बदललं की पुन्हा चाचणी. म्हणून मोठे मोटर-कारखाने 'नवं, स्वच्छ' ऐकल्यावर आधी कपाळाला आठ्या घालतात.

'सॉल्व्हेंटलेस' ह्या लेबलवर मात्र फार विसंबू नका. त्यातल्या बऱ्याच पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, आणि 2018 मध्ये आयएआरसी ह्या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ते 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. त्यातलं बरंचसं रेझिनमध्येच जुळून जातं, पण थोडं ओव्हनमध्ये उडतंच. व्हिनाइल टोल्यूइनवालं रेझिन कमी उडतं. पुरवठादाराला सरळ विचारा, मोनोमर (स्टायरीनसारखा जुळून जाणारा पातळ घटक) कोणता? आणि एसडीएस, म्हणजे मालाचं सुरक्षा-माहितीपत्रक, मागा.

दुसरी अडचण तुमच्या वर्कशॉपच्या आकाराची. सॉल्व्हेंटलेसची टाकी भरून ठेवली आणि महिन्याला मोजक्याच मोटरी आल्या, तर रेझिन हळूहळू घट्ट होत जातं. टाकी थंड ठेवावी लागते, फोर्ड कपने (तळाला भोक असलेल्या मापाच्या कपाने) व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, तपासत राहावी लागते. एवढं काम नसेल तर दोन घटकांचं रेझिन लागेल तेवढंच कालवून ओतलेलं बरं. पाण्यावर आधारित वार्निशही मिळतं, पण ओव्हनचं तापमान टप्प्याटप्प्याने वाढवावं लागतं, घाई केली की फुगे येतात, आणि स्टॅम्पिंगला, म्हणजे मोटरीतल्या लोखंडी पत्र्यांना, गंज धरायची भीती असते.

आपल्याकडे 2016 च्या घातक कचरा नियमांत रसायन लागलेले रिकामे ड्रमही येतात. ते भंगारवाल्याला देऊ नका, अधिकृत रिसायकलरकडे द्या किंवा पुरवठादार परत नेतो का ते ठरवून घ्या. भाव ठरवतानाच हे बोललात तर तो सहसा ऐकतो.