दुसरीतली मुलगी शाळेत लघवीला जात नाही

प्रश्न : आठवडाभर मुलगी शाळेत पाणी पीत नाही, लघवीला जात नाही. विचारलं की गप्प बसते. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या लक्षात आलं, फार बरं झालं. मी २६ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. असं मूल दिसलं की आधी स्वच्छतागृह बघायचे : कडी निघते का, उजेड आहे का, दाराशी मोठी मुलं उभी राहतात का. तुम्हीही वर्गशिक्षिकेबरोबर बघून या. ‘कुणी त्रास दिला का?’ असं विचारू नका. लहान मुलं प्रश्नातलंच उत्तर परत देतात. ‘तिथे गेल्यावर काय होतं, सांग,’ म्हणा आणि थांबा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. कुणी अंगाला हात लावल्याचं बोलली, तर तिचेच शब्द लिहून ठेवा, खोदून विचारू नका, त्याच दिवशी पोलिसांकडे जा. जळजळ होत असेल, तर आजच डॉक्टरांना दाखवा.