पीएचडीच्या व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख कशी ठरते? आणि मराठी माध्यमातून आलेल्याने तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की प्रबंध जमा करून चार महिने झाले, दोन्ही परीक्षकांचे रिपोर्ट आल्याचं उडत उडत कळलं, पण पुढे काहीच हालत नाही. विषय सांगोला तालुक्यातल्या डाळिंब उत्पादकांच्या विक्रीव्यवस्थेचा, पाहणी २०१९-२० ची, नोंदणी २०१८ ची. प्रबंध इंग्रजीत आहे, शिक्षण सगळं मराठीत झालंय आणि बाहेरच्या परीक्षकासमोर बोलायची धास्ती वाटते. मी अर्थशास्त्र शिकवतो. गाइड म्हणून व्हायवाला बसतो आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणूनही जातो, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

आधी तारखेचं. नोंदणी २०१८ ची असल्यामुळे तुम्हाला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१६ ची नियमावली लागू होते. २०२२ मध्ये नवी आली, पण या बाबतीत चौकट साधारण तीच राहिली. गाइडशिवाय बाहेरचे किमान दोन परीक्षक प्रबंध तपासतात. दोघांचे अहवाल अनुकूल आले की व्हायवा लागतो. एकाचा प्रतिकूल आला तर प्रबंध आणखी एका परीक्षकाकडे जातो आणि त्याने होकार दिला तरच गाडी पुढे सरकते. व्हायवाला गाइड आणि त्या दोघांपैकी किमान एक परीक्षक लागतो. प्रबंध जमा केल्यापासून व्हायवाचा निकाल लागेपर्यंत सगळं सहा महिन्यांत आटोपावं, असंही नियमावलीत आहे. तुमचे अजून दोन महिने हातात आहेत, तेव्हा आत्ता नुसतं वाट बघत बसू नका.

पीएचडी सेक्शनला फोन करून "माझं काय झालं" असं विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा नोंदणी क्रमांक, प्रबंध जमा केल्याची तारीख आणि सहा महिन्यांच्या तरतुदीचा उल्लेख करून संशोधन केंद्रामार्फत चार ओळींचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. भाषा नम्र ठेवा. लेखी अर्जावर कुणाला तरी काहीतरी लिहावंच लागतं.

तारीख कागदावर विद्यापीठ ठरवतं, प्रत्यक्षात ती गाइड, एक्स्टर्नल आणि व्हायवा समितीचे अध्यक्ष यांच्या फोनाफोनीतून ठरते. म्हणून गाइडना तीन-चार तारखा आधीच काढून द्या. परीक्षेचा हंगाम, पेपर तपासणीचे दिवस, नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकन समितीची) भेट आणि दिवाळीची सुट्टी त्यातून वगळा. एक्स्टर्नल रात्रभर प्रवास करून थेट हॉलमध्ये येणार असतील तर तो दिवस टाळा. आदल्या संध्याकाळी येऊन मुक्काम करतील आणि सकाळी अकराला व्हायवा सुरू होईल, असं बघा. विद्यापीठ ऑनलाइन व्हायवाची परवानगी देत असेल तर तोही मार्ग खुला आहे. मात्र तेव्हाही तुम्ही केंद्रावर, गाइडसमोर बसून बोला. घरच्या वायफायवर आयुष्यातली एवढी महत्त्वाची परीक्षा सोडू नये.

जेवण, हार-तुरे, भेटवस्तू यांवर विद्यार्थ्याने खर्च करायचा असतो अशी एक समजूत पसरली आहे. ती मला मनापासून अयोग्य वाटते. परीक्षकाचा प्रवासखर्च आणि मानधन देणं हे विद्यापीठाचं काम आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाने त्यासाठी उसने पैसे काढू नयेत. चहा-बिस्किटं पुरेत.

आता तयारी. बहुतेक विद्यार्थी पहिल्या दिवसापासून स्लाइड करायला बसतात आणि तिथेच वेळ घालवतात. माझ्या मते पहिलं काम एकच: गाइडकडून दोन्ही अहवालांची प्रत मागून घ्या. व्हायवा इतर गोष्टींबरोबर अहवालातल्या टीकेच्या आधारे घ्यायचा असतो, असं नियमावलीतच म्हटलं आहे. म्हणजे प्रश्नपत्रिकेचा मोठा भाग तुमच्या हातात आधीच आलेला असतो आणि तरीही लोक तो न वाचता येतात. प्रत्येक आक्षेप तुमच्या शब्दांत लिहून काढा, पुढे उत्तर लिहा आणि प्रबंधातला पान क्रमांक टाका. आक्षेप बरोबर असेल तर "दुरुस्ती केली आहे, अमुक पान" असं स्पष्ट लिहा. हा तक्ता छापून परीक्षकाच्या हातात द्या. मी परीक्षक असतो तेव्हा असा तक्ता समोर आला की माझे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात आणि उरलेला वेळ विषयावर मोकळं बोलता येतं.

दुसरं काम, स्वतःचा प्रबंध छापील प्रतीवरून पहिल्या पानापासून वाचणं. जमा केल्यावर चार महिन्यांत आपण तो विसरलेलो असतो. तक्त्यातल्या बेरजा जुळतात का, प्रकरण चारमधला आकडा निष्कर्षात तोच आहे का, हे बघा. चुका सापडतीलच. त्यांचं शुद्धिपत्र करून सोबत न्या.

तुमच्या विषयात मी काय विचारीन ते सांगतो. तुमचा नमुना ३८४ शेतकऱ्यांचा असेल, कारण अर्थशास्त्र-वाणिज्याच्या निम्म्या प्रबंधांत हाच आकडा असतो. तो कुठून आला? "कॉक्रनचं सूत्र" (नमुना किती मोठा हवा ते काढायचं सूत्र) एवढं म्हणून थांबू नका. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक आणि प्रमाण निम्मं-निम्मं धरलं की ३८४ येतात, हे फळ्यावर मांडून दाखवता आलं पाहिजे. पुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे. हे सूत्र यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या, नमुन्यासाठी आहे. तुम्ही शेतकरी कसे निवडले? कृषी सहायकाने दिलेल्या यादीतून, की ओळखीपाळखीतून, की बाजार समितीत भेटतील तसे? जसं केलं तसं सांगा. सोयीने निवडले असतील तर तसं म्हणा आणि त्यामुळे निष्कर्षांना कुठे मर्यादा येते तेही पुढच्याच वाक्यात सांगा. परीक्षकाला तुम्हाला पकडायचं नसतं, तुम्हाला स्वतःच्या कामाची कच्ची बाजू ठाऊक आहे का एवढंच बघायचं असतं. काय-वर्ग (chi-square) चाचणी वापरली असेल तर ज्या चौकटींत अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी आली, त्यांचं काय केलं हे बघून ठेवा.

मग मी विचारीन: पाहणी २०१९-२० ची. त्यानंतर सांगोला-आटपाडी पट्ट्यात खोडकिडीने आणि मर रोगाने बागाच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. आज त्या तालुक्यात तुमचे किती निष्कर्ष टिकतील? या प्रश्नाला घाबरू नका, तुमच्या प्रबंधाचं मोल दाखवायची हीच जागा आहे. व्यापारी बागेवर येऊन भाव कसा ठरवतो, अडत आणि वजनातली घट कोणाच्या माथी बसते, निर्यातीच्या मालाची प्रतवारी कोण करतं, या रचना बाग उपटल्याने नाहीशा होत नाहीत. उत्पादनाचे आकडे जुने झाले असतील. कोणते निष्कर्ष त्या वर्षापुरते आणि कोणते रचनेबद्दलचे, हे आधीच वेगळं करून ठेवा. सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, जमलं तर व्हायवाआधी एक चक्कर मारा आणि सध्याची स्थिती समजून घ्या. चार वाक्यं ताजी बोललात तरी फरक पडतो.

सादरीकरण वीस-पंचवीस मिनिटांत संपवा. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याला एक स्लाइड पुरे. प्रश्न काय होता, कसं शोधलं, काय सापडलं, त्यातलं नवं काय, इतकंच सांगा. वेळ निष्कर्षांना द्या, बाकीचं परीक्षकाने वाचलेलं असतं.

आता इंग्रजीचं. तुमच्या प्रश्नातला हा भाग वाचून मला वाईट वाटलं, कारण हुशार मुलं याच भीतीने गप्प बसताना मी बघितली आहेत. सुरुवातीला सरळ म्हणा, "मी सादरीकरण इंग्रजीत करतो, काही उत्तरं मराठीत किंवा हिंदीत दिली तर चालतील का?" आजवर याला नकार दिलेला परीक्षक माझ्या पाहण्यात नाही. मात्र प्रबंधातल्या पंधरा-वीस संज्ञा आणि गृहीतकं इंग्रजीत तोंडावर पाहिजेत. वाक्यं छोटी ठेवा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, अंदाजाने उत्तर देऊ नका. घरी मोठ्याने बोलून सराव करा आणि एकदा विषयाबाहेरच्या माणसासमोर करा. व्हायवा खुला असतो, संशोधन केंद्रात दुसऱ्या कुणाचा असेल तर जाऊन मागे बसा. त्याने जे कळतं ते वाचून कळत नाही.

जे माहीत नाही ते "याचा अभ्यास मी केलेला नाही" असं म्हणा. गाइडकडे बघू नका. त्यांनी तुमच्या वतीने उत्तर दिलं की परीक्षकाचा पुढचा प्रश्न अधिक टोकदार येतो.

व्हायवा झाल्यावर अभिनंदन होतं, पेढे वाटले जातात आणि विद्यार्थी कागदपत्रं विसरतो. दुरुस्त्या सांगितल्या असतील तर त्या आठवड्याच्या आत करून गाइडची सही घ्या. शोधगंगेसाठी (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी) सॉफ्ट कॉपी द्यायची असते, ती दुरुस्त केलेलीच द्या. विद्यापीठाची अधिसूचना निघेपर्यंत नावाआधी डॉक्टर लावू नका आणि नोकरीच्या अर्जातही पदवी मिळाली असं लिहू नका, छाननीत तारखा बघतात. अधिसूचना आली की तुमच्या नावाचं स्पेलिंग आणि प्रबंधाचं शीर्षक नोंदणीच्या पत्राशी अक्षर अक्षर ताडून बघा. एखादं अक्षर चुकलं असेल तर लगेच अर्ज द्या, पदवी प्रमाणपत्र छापल्यावर तीच दुरुस्ती महिनोन्महिने रखडते.