दहा घरं, दर महिन्याला

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग माया दाटली. कुत्र्याचं पिल्लू रात्री झोपू देत नाही, गालिच्याला वास बसलाय, आईची एक चप्पल कामातून गेली आणि तिकडे भटक्या जनावरांसाठी निधी जमवणाऱ्या तुझ्या ग्रुपमधले सगळे उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, मोठ्या कार्यक्रमासाठी तुझ्या मागे लागलेत. शेवटी तू लिहितेस, "काकू, पिल्लू मोठं होईपर्यंत निधीचं काम सोडते. नंतर मोकळी झाले की जोरात करीन." या "नंतर जोरात"वरच मला बोलायचं आहे, म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसले. मुक्या जनावरांसाठी का करायचं, हे तुला सांगत बसत नाही. ते तुला ठाऊक नसतं तर या थंडीत पार्किंगमधून ते पिल्लू तू उचललंच नसतंस.

सोडू नकोस, कमी कर. वर्गणीसाठी दहा घरं धर, दर महिन्याला ठरल्या तारखेला जा आणि कार्यक्रमाला सरळ नाही म्हण.

आधी पिल्लाचं बघू. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. सकाळी कॉलेजच्या घाईत वाटीभर जास्त वाढून गेलीस तर दुपारचं भागत नाही, उलट पोट बिघडतं. गाई-म्हशीचं दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात, तेव्हा दुधावर ठेवू नकोस. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला विषच. आपल्या घरात कांद्याशिवाय भाजी होत नाही, म्हणून ताटातलं उरलंसुरलं त्याच्यापुढे टाकणं बंद. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, दर वेळी त्याला उचलून गच्चीच्या त्याच कोपऱ्यात नेऊन ठेव. शू झाली की तिथल्या तिथे शाबासकी दे. तासाभरानं गालिच्यावर डबकं सापडलं तर ओरडू नकोस, कारण तू कशावर चिडलीस ते त्याला कळतच नाही, तुझी भीती तेवढी बसते. रात्री रडतं ते आईवेगळं झालंय म्हणून, त्यात गारठा. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या खोक्यात ठेव आणि खोकं तुझ्या पलंगाशी घे. हाताला चावतं ते दात शिवशिवतात म्हणून. दुधाचे दात चौथ्या महिन्यापासून पडू लागतात, पक्के यायला सहा-सात महिने होतात, तोवर चपला कपाटात.

लसीचं मात्र नीट ऐक, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. पिल्लाची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाली की देतात, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तू विचारलंस, एकच लस इतक्यांदा कशाला? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर ती लसीलाही निकामी करते. ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, डॉक्टरांनाही बाहेरून दिसत नाही. म्हणून ठरल्या अंतरानं पुन्हा पुन्हा टोचत राहायचं, म्हणजे पार्व्होला, त्या जुलाब-उलट्यांच्या जीवघेण्या रोगाला, शिरायला फारशी जागा मिळत नाही. मधली एक चुकवून पुढे दोन एकदम टोचल्या तर भरपाई होत नाही. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि जंताचं औषध तोवर दर पंधरा दिवसांनी. हे तू निमूटपणे करते आहेस, फ्रिजवर तारखांचा कागद लावला आहेस असं तूच लिहिलंयस. मग हीच समज वर्गणीच्या बाबतीत कुठे जाते, हे मला कळत नाही.

आमच्या लहानपणी वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या गल्लीत कुत्री व्याली की सगळी मुलं घरोघर जायची. गुजराती, मराठी, कुणाचंही घर सोडायचं नाही. पीठ, गूळ, तूप गोळा व्हायचं आणि कुणाची तरी आई त्या बाळंतिणीसाठी शिरा करून द्यायची. गुजरातेत ही रीत जुनी आहे, आणि निधी गोळा करण्याचं माझं पहिलं शिक्षण तेच. पण शिरा एका दिवसाचा. तीन-चार आठवड्यांनी पिल्लं दुधावरून सुटायला लागतात, आई हाडकुळी होते, पिल्लं रस्त्यावर यायला लागतात, तेव्हा पीठ-गूळ मागत फिरणारं कुणी नसायचं. मी फिरले, एकटीच. लोकांनी दिलं, आधी मागितल्यापेक्षा खुशीनं दिलं. तेव्हापासून माझं हे मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

मोठ्या कार्यक्रमाचं मला सांगू नकोस. मी ज्या संस्थेत होते तिचं नाव लिहीत नाही, तुला कळलं तरी तूही घेऊ नकोस. मी आणि माझी एक मैत्रीण रावपुरा, दांडिया बाजार, खारीवाव रोड पायी फिरायचो. घर ठरलेलं, तारीख ठरलेली. कुणी पाच रुपये द्यायचं, कुणी दहा, कुणी म्हणायचं बसा, चहा घ्या, आणि चहा पिता पिता मागच्या गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याची बातमी कळायची. मग समितीत नवी मंडळी आली. पाच-दहा रुपयांसाठी एवढी पायपीट कशाला, एक झकास संगीत रजनी करू म्हणाली. झाली रजनी. पैसा आला, खरंच पुष्कळ आला. पिंजरे आले, फलक लागला, फोटो छापून आले आणि वर्गणीची फेरी बंद झाली. पिंजऱ्यातल्या जनावराला तर रोज खायला लागतं, रोज झाडणारा माणूस लागतो, डॉक्टर लागतो. रजनीचा पैसा सरला तोवर फेरीतली घरं हातची गेली होती. दार उघडलं की लोक विचारायचे, "इतके दिवस कुठे होतात?" काय उत्तर देणार?

हे होणार हे मी त्या बैठकीतच बोलले होते. मला जुन्या वळणाची म्हणून गप्प केलं. माझी मैत्रीण कार्यक्रमाच्या बाजूनं उभी राहिली आणि त्यावरून आमचं बोलणं तुटलं. ती आता या जगात नाही. ते बोलणं तुटल्याची हळहळ मला रोज आहे. पण मुद्दा माझाच बरोबर होता, हे तिच्यासमोरही मी आज पुन्हा म्हणाले असते.

तू म्हणशील, नवरात्रात या शहरात गरब्यातून संस्थांसाठी पैसा उभा राहतो, तो काय खोटा? नाही. पण त्यांच्या मागे बारा महिने चालणारी यंत्रणा असते. तुमच्या ग्रुपमागे काय आहे? एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि परीक्षा जवळ आलेली मुलं.

जानेवारीत पैसा येतोच. मांज्यात पंख कापलेलं कबूतर किंवा घार समोर पडली की माणूस खिशात हात घालतो. जखमी पक्षी वाचवायचं सरकारचं करुणा अभियानही त्याच दिवसांत असतं, जनावरांच्या मदतीचा १९६२ हा फोन क्रमांक सगळ्यांच्या तोंडी असतो. पावसाळ्यात जखमेत किडे पडलेला कुत्रा कोपऱ्यात बसलेला असतो, त्याच्या ड्रेसिंगला कुठलाच सण लागून येत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हाचं आठव. घरांत पाणी, रस्त्यावर मगरी, जिने आणि गच्च्यांवर अडकलेली कुत्री. तेव्हा मागावं लागलं नाही, लोकच विचारत होते, पैसे कुठे पाठवू. वडोदऱ्याची माणसं मनाची मोठी आहेत, यात शंका नाही. पण पाणी ओसरलं, चिखल धुतला गेला, विचारणारे फोन थांबले. कुत्र्यांची खरूज आणि जखमा मात्र त्यानंतर वाढत गेल्या. त्या दिवसांत तुझी दहा घरं उपयोगी पडतात, दुसरं काही नाही.

सयाजीराव महाराजांनी सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा सगळ्या राज्यात एकदम दवंडी पिटली नाही. १८९३मध्ये अमरेलीकडे थोड्या गावांत सुरू केलं, चालवून पाहिलं, टिकवलं आणि १९०६मध्ये राज्यभर नेलं. राजाच्या हाती खजिना होता, तरी त्यानं घाई केली नाही. तुझ्या हाती पावतीपुस्तक आहे, तर तुला एका संध्याकाळीत सगळं हवंय!

आता काम कसं करायचं ते. तुझ्याच सोसायटीतली आणि ओळखीची दहा घरं घे, अकरावं नको. महिन्याला पन्नास किंवा शंभर, देणाऱ्याला जड होणार नाही इतकंच माग. कुणी उत्साहात हजार काढले तर शंभर घे आणि सांग, पुढच्या महिन्यात पुन्हा येते. ग्रुपमधले तुला वेड्यात काढतील, काढू देत. पावती दारातच फाड, घरी जाऊन नाही. पैसे तुझ्या खात्यात कधीही घ्यायचे नाहीत, ज्या संस्थेसाठी मागतेस तिचाच क्यूआर कोड दाखवायचा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना, देणगीवर करसवलत देणारी मान्यता, जिला लोक ८०जी म्हणतात, ती चालू आहे ना, हे कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकाही दारात जाऊ नकोस. कुणी मोठी रक्कम रोख देऊ लागला तर थांबव. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही करसवलत नाही, आणि नवी करपद्धत घेतलेल्याला ती तशीही मिळत नाही. हे आधीच सांगितलंस तर मार्चमध्ये कुणी तुझ्यावर चिडणार नाही. आणि मागच्या महिन्याच्या पैशाचं काय झालं, ते प्रत्येक दारात एका वाक्यात सांग: अमुक गल्लीतल्या दोन कुत्र्यांची नसबंदी झाली, कानाला खूण केली आणि त्यांना त्याच गल्लीत परत सोडलं. लोकांना एवढंच हवं असतं.

माणसं उपाशी असताना कुत्र्यांसाठी मागता, असं कुणी म्हणेलच. वाद घालू नकोस. रेबीज झालेला कुत्रा चावला आणि वेळेत लस मिळाली नाही तर मरतो तो माणूसच, आणि गल्लीतल्या कुत्र्यांना लस टोचली की त्या गल्लीतली पोरं वाचतात, इतकं सांगून नमस्कार कर आणि पुढच्या महिन्यात त्याच दारात पुन्हा जा. हो, त्याच दारात.

पिल्लाचा फोटो दाखवून पैसे मागू का, असंही विचारलंयस. नको. ते तुझं आहे, त्याचा खर्च तुझा आहे. लोकांनी त्याच्याकडे बघून दिलं तर ते गोजिरं आहे तोवरच देतील.

दमली आहेस, ते मला अक्षरावरून कळलं. चार तास सलग झोप मिळाली नाही की सगळंच डोंगराएवढं वाटतं. पहाटेची एक पाळी आईला दे, तिला चपलेचा राग असला तरी ती घेईल, मी बोलते तिच्याशी. अभ्यास बुडवू नकोस. दहा घरांना महिन्यातली एक सकाळ पुरते. ती सकाळही नाही असं मला सांगू नकोस.

उत्तरायणाचे दोन्ही दिवस पिल्लाला गच्चीवर नेऊ नकोस. स्पीकर, फटाके, मांजा, त्यात लोकांचे पाय. आतल्या खोलीत खिडक्या लावून ठेव, शूसाठी मोरीत वर्तमानपत्र पसर, आणि त्याच्याजवळ कुणीतरी बसा.

माझ्याकडे कोरं पावतीपुस्तक आहे, पण ते तुझ्या संस्थेचं नाही, त्यामुळे ते चालणार नाही. त्यांच्या खजिनदारांकडून सही-शिक्क्याचं घेऊन रविवारी सकाळी इकडे ये. घरांची यादी बरोबर आण, तारीख दोघी मिळून ठरवू. पहिल्या दोन घरांना मी तुझ्याबरोबर येते, गुडघे दुखले तरी. पिल्लूही आण. फक्त लसी पूर्ण झालेल्या नाहीत, तेव्हा रस्त्यावर खाली सोडू नकोस, कडेवर घेऊन ये.

तुझी,
काकू