‘मला आता सोडवा’ म्हणणाऱ्या पेशंटला काय सांगायचं?

मागच्या अंकात इच्छामरणाच्या कायद्यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊसच पडला. बरीचशी पत्रं स्वतः पेशंटची किंवा त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांची आहेत. त्यातली काही घेतोय, नावं अर्थातच काढून.

प्रश्न : ओव्हरीचा कॅन्सर परत आलाय. घरात मरणाचं नाव काढलं की मुलगा म्हणतो, आई निगेटिव्ह बोलू नकोस. मला व्हेंटिलेटर नकोय, आयसीयूत नळ्या घालून ठेवलेलं नकोय. तसं लिहून ठेवलं तर चालतं का, की गुन्हा होतो? (राजारामपुरी)

ताई, चालतं. गुन्हा बिन्हा काही नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या केसमध्ये 2011 ला सुप्रीम कोर्टाने उपचार थांबवण्याचं दार थोडं किलकिलं केलं, मग 9 मार्च 2018 ला पाच न्यायमूर्तींनी स्पष्टच सांगितलं की सन्मानाने मरणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र, करता येतं. तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कुणी त्या भानगडीत पडत नव्हतं. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर एवढ्यावर काम होतं. तुमच्या वतीने कोण बोलणार त्यांची नावं त्यात घाला, एकापेक्षा जास्त घाला, आणि एक कॉपी फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या.

आता ग्यानबाची मेख. हा कागद कधी लागू होतो, तर तुम्हाला स्वतःला ठरवता येत नाही आणि बरं होण्याची आशा उरलेली नाही तेव्हा. मग हॉस्पिटलचं तीन डॉक्टरांचं बोर्ड बघतं, त्यानंतर दुसरं बोर्ड, ज्यात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो, आणि दोघांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं असतं. पण तोवर तो कागद कपाटात आणि मुलगा आयसीयूच्या दाराशी रडत ‘काय लागेल ते करा’ म्हणत असेल तर डॉक्टर कुणाचं ऐकणार? म्हणून सही करायच्या आधी मुलाला बसवा, नाही ऐकला तर तुमच्या डॉक्टरांसमोर बसवा. आणि शुद्धीत आहात तोवर केमो नको, नळी नको असं तोंडाने सांगायचा हक्क तुम्हाला आजही आहे, त्याला कसलं बोर्ड लागत नाही.

प्रश्न : आमच्या अण्णांना गालाचा कॅन्सर हाय. रातभर इवळत्यात, म्हणत्यात एक इंजेक्शन द्या न्‌ मोकळं करा मला. डॉक्टर का देत न्हाईत? फॉरेनला देत्यात म्हणं. (करवीर तालुका)

नेदरलँड्स, बेल्जियममध्ये 2002 पासून देतात, कॅनडात 2016 पासून. आपल्याकडे तसं इंजेक्शन दिलं तर डॉक्टरवर केस होईल, अण्णांनी स्वतः मागितलं असलं तरी. पण दादा, तुमच्या पत्रात दुसरीच गोष्ट खटकली. सध्या औषध काय चालू आहे तर ‘मेडिकलातनं आणलेली दुखायची गोळी, रात्री एक’. तोंडाच्या कॅन्सरला असल्या गोळीनं काय होणार! अण्णांना मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं जोरदार वेदनाशामक, लागेल असं दिसतंय. साधी मॉर्फिनची गोळी चार-चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते, दुखायची वाट बघत बसायचं नाही, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध हवंच, नाहीतर चार दिवसांनी दुखणं राहतं बाजूला आणि संडासला होत नाही म्हणून माणूस हैराण होतो. गोळी गिळता येत नसेल तर तेही सांगा, दुसरे उपाय आहेत.

ही कुठल्याही मेडिकलात मिळत नाही. अंमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याच्या धास्तीने दुकानदार ठेवत नव्हते, 2014 ला तो कायदा बदलला, आता मान्यता असलेल्या हॉस्पिटलमधून मिळते. कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा, कुठे आहे. पै-पाहुणे म्हणतील मॉर्फिन चालू केलं म्हणजे संपलंच आता. तसं नसतं, नीट डोस दिला तर माणूस उठून बसतो, जेवतो, भांडतोसुद्धा. आठवडाभर झोप लागू दे, मग अण्णांना परत विचारा.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक, फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. दुखणं कंट्रोलमध्ये आहे. तरीही केव्हा जायचं हे मला ठरवू द्या. दरवेळी ‘पेनकिलर वाढवू’ म्हणून आम्हाला गप्प का बसवता? (इचलकरंजी)

सर, अगदी बरोबर पकडलंत. आम्ही डॉक्टर लोक हे करतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये 1997 पासून पेशंटला स्वतः घ्यायचं औषध लिहून देतात, तिथे ते मागणाऱ्यांत सगळ्यात जास्त कॅन्सरचेच पेशंट असतात, आणि कारणांत दुखणं बरंच खाली येतं. वर काय असतं तर आपलं आपल्या हातात राहिलं नाही, आवडीचं काही करता येत नाही, लाज जाते. बायकोने डायपर बदलायचा ह्या विचाराने रात्रभर जागे राहणारे पेशंट मी बघितलेत, त्याला मॉर्फिन काय करणार?

तरी तसा कायदा आज इथे यावा असं मला वाटत नाही. शेत गहाण टाकून ट्रीटमेंट घेणारा म्हातारा ‘मला जाऊ द्या’ म्हणतो तेव्हा ते त्याचं मत असतं की कर्जाचं, हे ओळखणं अवघड आहे. पेन्शन असलेल्या माणसाला हे कारण पटणार नाही, मान्य. तुमच्यावर अन्याय होतोय हेही मान्य.

प्रश्न : आम्ही जैन. आजोबांना सल्लेखना (अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारायचं व्रत) घ्यायची आहे, पोटाचा कॅन्सर आहे. पोलीस केस होईल का? (जयसिंगपूर)

ऑगस्ट 2015 मध्ये राजस्थान हायकोर्टाने संथारा (सल्लेखनेचंच दुसरं नाव) म्हणजे आत्महत्या असं ठरवलं होतं, पण त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. आपल्याच पट्ट्यातल्या भोजच्या आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 ला कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीतच असेल. निर्णय आजोबांचाच आहे ना, एवढं त्यांच्याशी एकट्यात बोलून बघा. बाकी पोटाच्या कॅन्सरमध्ये शेवटी शेवटी अन्न तसंही जात नाही, जबरदस्तीने नळी घालू नका. आणि व्रतात दुखायचं औषध चालतं का, हे तुमच्या महाराजांना आधीच विचारून घ्या, कारण ऐन रात्री तो प्रश्न तुम्हा पोरांच्या डोक्यावर येणार आहे.