प्रेशर वॉशरमध्ये साबण कोणता घालावा?

नवीन प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने धुणारं मशीन, घेतल्याबद्दल अभिनंदन! कपड्यांची पावडर मात्र त्यात घालू नका. ती नीट विरघळत नाही आणि साबणाच्या बारीक नळीत गोळा होऊन बसते. मी हा उद्योग केलाय, नंतर अर्धा रविवार टाचणी घेऊन नळी साफ करत बसलो.

गाडीसाठी पीएच न्यूट्रल (ना ॲसिडिक, ना अल्कलाइन) कार शॅम्पू घ्या. भांड्यांच्या लिक्विडने मळ निघतो, पण गाडीच्या रंगावरचं संरक्षक वॅक्सही निघून जातं. इंजिनच्या तेलकट भागाला, पार्किंगमधल्या ऑइलच्या डागांना अल्कलाइन डिग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं लिक्विड) लागतो. बाटलीवर लिहिलेलं पाण्याचं प्रमाण पाळा, साबण जास्त घातला तर फक्त धुवायचं काम वाढतं.

पावसाळ्यानंतर गच्चीवर शेवाळ येतं तेव्हा ब्लीच घालायचा मोह होईल. मशीनमधून नकोच, पंपाची सीलं खराब होतात. टॉयलेट क्लीनरसारखं ॲसिडही नको. शहाबादी फरशी त्याने कायमची खरवडते. आणि ब्लीच व ॲसिड एकत्र तर कधीच नाही, क्लोरीन वायू तयार होतो.

आणखी एक, बहुतेक मशीन फक्त कमी दाबाच्या नोझलवरच साबण ओढतात. बारीक धारेचं नोझल लावून ‘साबण येत नाही’ म्हणून दुकानात धाव घेऊ नका. साबण खालून वर मारा, पाच मिनिटं थांबा, उन्हात वाळू देऊ नका, मग वरून खाली धुवा. शेवटी साबणाच्या टाकीत साधं पाणी भरून मिनिटभर चालवा.